पोप मार्सेलस यांची मिस्सा: कागद काय सांगतात

सोळाव्या शतकातले इटालियन संगीतकार पालेस्त्रीना यांनी चर्चसंगीत वाचवलं, ही कथा सर्वतोमुखी आहे. बहुस्वरी गायनावर (अनेक आवाज एकाच वेळी वेगवेगळ्या सुरावटी गातात त्यावर) बंदी येणार होती, त्यांची एक मिस्सा (कॅथलिक उपासनेतल्या ठरलेल्या प्रार्थनांची संगीतरचना) ऐकून ती टळली, असं म्हणतात. आगोस्तीनो आगात्झारींच्या १६०७ च्या पुस्तिकेत ही कथा छापलेली आहे. पालेस्त्रीना १५९४ मध्येच वारले होते. त्या काळचे कागद वेगळंच सांगतात.

१२ एप्रिल १५५५, गुड फ्रायडे. मार्सेलस दुसरे यांना पोप होऊन तीनच दिवस झाले होते. त्यांचे चिटणीस आंजेलो मास्सारेल्ली रोजनिशीत लिहितात, की पोपनी गायकांना बोलावून स्वतः समज दिली: दुःखाच्या दिवशी गाणं त्या दिवसाला शोभेल असं हवं आणि शब्द नीट ऐकू यायला हवेत, कळायला हवेत. त्या जानेवारीपासून पालेस्त्रीना पोपच्या गायकवृंदात होते, म्हणजे ही समज त्यांच्याही कानी गेली असणार. १ मे रोजी मार्सेलस वारले. जुलैत पोप पॉल चौथे यांनी विवाहित गायकांना वृंदातून काढलं. त्यांत पालेस्त्रीनाही होते.

कॅथलिक चर्चच्या त्रेंतो इथल्या धर्मसभेने सप्टेंबर १५६२ मध्ये घातलेली बंदी विषयासक्त, अपवित्र संगीतापुरती होती. बारीकसारीक नियम पुढे प्रांतिक सभांवर सोपवले. तरी धास्ती खोटी नव्हती: बहुस्वरी गायन बंद करू नका, अशी विनंती सम्राट फर्डिनंड यांनी १५६३ मध्ये केली होती. १५६४ मध्ये पोप पायस चौथे यांनी सुधारणांसाठी कार्डिनलांची समिती नेमली. तिच्यातले बोर्रोमेओ मिलानला पत्र धाडून व्हिन्चेन्त्सो रुफ्फोंकडून शब्द स्पष्ट कळतील अशी मिस्सा मागवत होते. २८ एप्रिल १५६५ ची नोंद पोपच्या गायकांच्या दप्तरात आहे: याच समितीतल्या कार्डिनल व्हितेल्ली यांच्या घरी जमून काही मिस्सा गायल्या, शब्द कळतात का ते पाहायला. रचनाकाराचं नाव तिथे नाही. नेमक्या याच ओळीवर पुढच्या चरित्रकारांनी पालेस्त्रीनांचा विजय रचला.

कथेतली ती मिस्सा, ‘मिस्सा पापे मार्चेल्ली’ (पोप मार्सेलस यांची मिस्सा), छापली गेली १५६७ मध्ये, पालेस्त्रीनांच्या मिस्सांच्या दुसऱ्या पुस्तकात. अर्पण स्पेनचे राजे फिलिप दुसरे यांना. आपण नव्या धाटणीने लिहिलं आहे, असं त्यात ते स्वतः म्हणतात. धाटणी कोणती, ते स्वरलिपीत दिसतं. मिस्सेतल्या ‘किरिये’ या भागाचे शब्द मोजके, सर्वांना पाठ, तिथे सहा आवाज एकामागून एक येतात, एकमेकांत गुंततात. ‘ग्लोरिया’ आणि ‘क्रेदो’ हे भाग लांबलचक. तिथे बहुतेक ठिकाणी अक्षराला एकच स्वर, आणि एकत्र गाणारे आवाज तेच अक्षर एकाच वेळी उच्चारतात. सहांपैकी कधी तीन, कधी चार गातात, गट बदलत राहतो. त्यामुळे शब्द स्वच्छ राहूनही नाद एकसुरी होत नाही. ही कारागिरी बंदीच्या भीतीने घाईत साधलेली मला वाटत नाही. या मिस्सेचं मूळ मी समितीच्या बैठकीपेक्षा १५५५ च्या त्या समजेत शोधेन. तीन आठवडेच गादीवर राहिलेल्या पोपचं नाव पालेस्त्रीनांनी बारा वर्षांनंतर तिला लावून छापलं, हा माझा आधार.