सर्व्हिसिंगमध्ये चूक झाली, इंजिन धोक्यात आले : शोरूमकडून काय लिहून घ्याल, तक्रार कुठे कराल?

पेडणे/डिचोली : समजा, म्हापशाला सर्व्हिसिंगला टाकलेली गाडी संध्याकाळी ताब्यात घेतली. कोलवाळचा पूल ओलांडून धारगळच्या जवळ आलात आणि डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा पेटला. गाडी बाजूला घेऊन वाकून बघता तर इंजिनखालून ऑइल गळते आहे. शोरूमला फोन केला. त्यांचा माणूस आला, ड्रेन नट आवळला, नवीन ऑइल भरले आणि म्हणाला, "आता काही प्रॉब्लेम नाही, बिनधास्त चालवा."

खरा प्रश्न इथेच सुरू होतो. आज गाडी चालते आहे, पण सहा महिन्यांनी इंजिन खडखडायला लागले तर? तेव्हा शोरूम विचारणार, "आमच्यामुळेच झाले कशावरून?" त्या वेळी हातात कागद नसेल तर भांडून उपयोग नाही. म्हणून चूक लक्षात येईल त्याच दिवशी ती लेखी आणायची. कशी, ते पाहू.

आधी इंजिन बंद करा

ऑइलचा लाल दिवा म्हणजे 'ऑइल जरा कमी आहे' असे नव्हे. इंजिनात ऑइलचा दाब पडला आहे, असा त्याचा अर्थ. "शोरूमपर्यंत हळूहळू नेतो" हा विचार डोक्यातून काढून टाका. गाडी सुरक्षित जागी थांबवा, चावी फिरवा आणि पुन्हा स्टार्ट मारून बघू नका. टोइंगची गाडी मागवा. इंजिन गरम झाल्याचा दिवा लागला असेल तरीही हेच करा. फक्त रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका, उकळते पाणी अंगावर उडते.

यात तुमचा दुहेरी फायदा आहे. इंजिन वाचण्याची शक्यता वाढते. शिवाय "दिवा लागल्यावरही तुम्ही गाडी चालवलीत" असे म्हणायला शोरूमला जागा राहत नाही.

नेमके बिघडते काय?

क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो. तो थर गेला की लोखंडावर लोखंड घासते. नुकसान थोड्या वेळातही होऊ शकते, पण बाहेरून लगेच दिसतेच असे नाही. सर्व्हिसिंगमधल्या नेहमीच्या चुका अशा :

- ड्रेन नट सैल राहणे किंवा त्याचा वॉशर न बदलणे
- जुन्या ऑइल फिल्टरचे रबर इंजिनला चिकटून राहणे आणि त्यावरच नवा फिल्टर बसवणे
- ऑइल प्रमाणापेक्षा जास्त भरणे. क्रँक त्यात घुसळून फेस होतो आणि दाब टिकत नाही
- चुकीच्या ग्रेडचे ऑइल घालणे
- कूलंटचे झाकण किंवा पाईपची क्लिप नीट न लावणे
- एअर फिल्टरचा डबा उघडा राहणे. मग रस्त्यावरची धूळ थेट इंजिनात जाते

म्हणून शोरूममधून निघण्याआधी दोन मिनिटे काढा. सपाट जागेवर गाडी उभी करून डिपस्टिक बघा, इंजिनखाली नजर टाका. बिलावर ऑइलचा ग्रेड आणि लिटर लिहिले आहेत का, तेही वाचा.

गाडी हलवण्याआधी पुरावा

मोबाईल काढा आणि पुढील गोष्टींचे फोटो, व्हिडिओ घ्या : पेटलेला दिवा आणि किलोमीटरचा आकडा (चावी फक्त 'ऑन' करायची, इंजिन सुरू करायचे नाही), रस्त्यावर सांडलेले ऑइल, डिपस्टिक आणि नटाची जागा. शोरूमचा माणूस नट आवळत असेल तर त्याचाही व्हिडिओ घ्या. फोनवर बोलणे झाले असेल तर लगेच व्हॉट्सॲपवर तेच लिहून पाठवा : "आत्ता बोलल्याप्रमाणे..."

आपल्या ओळखीच्या मेस्त्रीला बोलवायला हरकत नाही, पण त्याला इंजिन खोलू देऊ नका. बाहेरच्या माणसाने हात लावला की "तुम्हीच छेडछाड केलीत" हे उत्तर तयार असते. मेस्त्रीने फक्त पाहावे आणि काय दिसले ते आपल्या लेटरहेडवर लिहून द्यावे.

शोरूममध्ये काय मागाल?

पहिली गोष्ट, नवीन जॉबकार्ड. 'ऑइल टॉप-अप' एवढीच नोंद पुरेशी नाही. 'सर्व्हिसिंगनंतर ड्रेन नट सैल आढळला, ऑइल गळाले' असे स्पष्ट लिहून घ्या. जॉबकार्ड बहुतेक वेळा इंग्रजीत असते. कळत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या, घाईत सही करू नका.

दुसरी, उरलेले ऑइल तुमच्यासमोर काढून मापायला सांगा. नवीन ऑइल ओतण्याआधीच हे व्हायला हवे. साडेतीन लिटरच्या इंजिनात तीन लिटर सापडले तर चिंता कमी, अर्धा लिटर सापडले तर गोष्ट गंभीर. हा आकडा जॉबकार्डवर लिहून घ्या.

तिसरी, तपासणी. बाहेरून गेज लावून ऑइलचा दाब मोजता येतो. जुना फिल्टर कापून आत धातूचे चमकणारे कण आहेत का, ते बघता येते. नुसती कॉम्प्रेशन टेस्ट पुरेशी नाही, कारण त्यातून बेअरिंगची अवस्था कळत नाही.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, पुढची लेखी हमी. या घटनेमुळे ठरावीक मुदतीत किंवा ठरावीक किलोमीटरच्या आत इंजिनात बिघाड झाला तर दुरुस्ती शोरूम स्वखर्चाने करील, असे लेटरहेडवर सही-शिक्क्यासह घ्या.

शोरूम फुकट ऑइल देईल, पुढच्या सर्व्हिसिंगवर सूट देईल. घ्यायला हरकत नाही. पण त्याबरोबर 'माझे पूर्ण समाधान झाले' असा कागद पुढे आला तर थांबा. सही करावीच लागली तर वर लिहा : "इंजिनाच्या संभाव्य नुकसानीबाबतचा हक्क राखून."

अर्जाचा नमुना

तोंडी तक्रार हवेत विरते. हा मजकूर शोरूमच्या व्यवस्थापकाला ईमेलने आणि पोचपावतीच्या टपालाने पाठवा. गाडीच्या कंपनीच्या ग्राहक सेवा विभागालाही एक प्रत जाऊ द्या.

"दि. ... रोजी जॉबकार्ड क्र. ... नुसार माझ्या गाडीची (नोंदणी क्र. ...) सर्व्हिसिंग आपल्याकडे झाली. त्यानंतर ... किमी अंतरावर ऑइलचा लाल दिवा लागला. मी तात्काळ इंजिन बंद केले. ड्रेन नट सैल असल्याचे आपल्या कर्मचाऱ्याने पाहिले. उरलेले ऑइल ... लिटर भरले. कृपया १) घटनेचा लेखी अहवाल, २) ऑइलचा दाब व फिल्टरची तपासणी, ३) इंजिनाबाबत लेखी हमी, ४) टोइंगचा खर्च पंधरा दिवसांत द्यावा. अन्यथा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल."

जबाबदार कोण, शोरूम की कंपनी?

या बाबतीत गोव्यातलेच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. २०११ मध्ये नवीन म्हणून घेतलेली गाडी २००९ ची निघाली आणि ती ६२२ किलोमीटर चाललेलीही होती. ग्राहक आयोगांनी डीलर आणि टाटा मोटर्स दोघांनाही जबाबदार धरले. १८ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला मोकळे केले, डीलरची जबाबदारी मात्र कायम राहिली. डीलरने स्वतःहून केलेल्या चुकीची कंपनीला माहिती होती किंवा तिचा त्यात हात होता, असे दाखवता आले नाही, तर कंपनी आपोआप जबाबदार ठरत नाही.

म्हणून तक्रार करताना शोरूमची चूक कोणती आणि कळवूनही कंपनीने काय केले नाही, हे वेगवेगळे लिहा. कंपनीला पाठवलेली प्रत इथे कामी येते. सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची असते, हेही विसरू नका.

टॅक्सी, ट्रक आणि भाड्याच्या दुचाकी

व्यावसायिक कारणासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. पण स्वयंरोजगारातून फक्त पोटापाण्यासाठी गाडी वापरणाऱ्याला सूट आहे. पेडण्यातला स्वतःची टॅक्सी चालवणारा, मोटरसायकल पायलट किंवा डिचोलीतला एकाच ट्रकवर घर चालवणारा यांनी 'हे माझे उपजीविकेचे साधन आहे' हे वाक्य तक्रारीत लिहायलाच हवे. दहा-वीस गाड्या भाड्याने देणाऱ्याला हा मार्ग कठीण आहे.

सीमेपलीकडची शोरूम असेल तर?

दोडामार्ग, बांद्याचे लोक सर्व्हिसिंगसाठी म्हापसा-डिचोलीला येतात, चोर्ला घाट उतरून बेळगावकडचेही येतात. जुन्या १९८६ च्या कायद्यात तक्रार साधारणपणे शोरूम असेल किंवा घटना घडली असेल तिथेच करावी लागे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या कायद्याने ही अडचण काढली. तक्रारदार राहतो किंवा नोकरी-धंदा करतो त्या जिल्ह्यातही आता तक्रार करता येते. म्हणजे सावंतवाडीचा माणूस गोव्यातल्या शोरूमविरुद्ध सिंधुदुर्ग जिल्हा आयोगात जाऊ शकतो आणि पेडण्याचा माणूस कुडाळच्या शोरूमविरुद्ध उत्तर गोवा जिल्हा आयोगात.

लक्षात ठेवा :

- आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणे तिथेच मिटतात
- आयोगात जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे
- मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. सर्व्हिसिंगचे बिल बहुधा यातच बसते
- वकील लावणे सक्तीचे नाही. तक्रार ऑनलाईनही दाखल करता येते
- समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५
- निकाल तीन महिन्यांत, तांत्रिक चाचणी लागल्यास पाच महिन्यांत द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे धरून चला

विम्यावर विसंबू नका. नेहमीच्या विम्यात यांत्रिक बिघाड येत नाही. 'इंजिन प्रोटेक्शन' घेतले असले तरी त्याच्या अटी वाचून बघा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. नट आवळायला आलेला पोरगा बहुधा चुकीचा धनी नसतो, त्याच्यावर ओरडून काही साधत नाही. आवाज न चढवता व्यवस्थापकासमोर बसा आणि "जे बोलताय ते लिहून द्या" एवढेच म्हणा. लिहून द्यायला नकार मिळाला, तर 'आज लेखी मागितले, दिले नाही' हे तिथूनच व्हॉट्सॲप करा. तोही पुरावाच.