आग्रा रोडवरचा माल आणि विम्याचा कागद

पिंपळगाव बसवंतची बाजारपेठ मुंबई-आग्रा रस्त्याच्या आधाराने वाढली. कांदा, टोमॅटो, द्राक्षं, सगळं शेवटी गाडीतच चढतं. म्हणून गाडीच्या विम्याचा इतिहास आपण आपल्या धंद्याचाच समजून वाचायला हवा.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात विम्याचं प्रकरण होतं, पण सक्ती लागू व्हायला १ जुलै १९४६ उजाडलं. सक्ती कशाची? तिऱ्हाइताला इजा झाली तर त्याच्या भरपाईची. मालकाच्या गाडीची नाही, मालाची तर नाहीच. हा गैरसमज आजही आहे बरं का!

आता आपला शेतकरी बघा. क्रेट भरून तो त्याच टेम्पोत बसून मार्केटला येतो. त्याचं काय? १९८८ च्या नव्या कायद्यातही त्याचा स्पष्ट उल्लेख नव्हता. नोव्हेंबर १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी विम्यात आला. वाटेत हात दाखवून बसलेला पाहुणा मात्र आला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी खटल्यात तसं स्पष्ट केलं.

आणि पॉलिसी खाजगी वापराची, गाडीत मात्र दुसऱ्याचा माल भाड्याने? मग कंपनी अटभंगाकडे बोट दाखवते. कित्येक निकालांत कोर्टाने कंपनीला आधी भरपाई द्यायला लावली आणि नंतर ती मालकाकडून वसूल करायची मुभा दिली. ती वसुली दारात येते तेव्हा गाडी बहुधा मोडलेलीच असते, अन् तिचा हप्ता चालू असतो.