तीन वर्षांचे कलम, साडेसहा वर्षांचा तुरुंग



दहशतवादाचा खटला म्हटला की बॉम्ब, बंदुका डोळ्यांसमोर येतात. एल्गार परिषदेचा खटला मात्र भाषणाच्या किरकोळ कलमांवरून सुरू झाला. हा इतिहास आम्ही पुन्हा पुन्हा सांगणार आहोत.

३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर परिषद झाली. दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला मानवंदनेसाठी आलेल्या आपल्या लोकांवर हल्ले झाले. २ जानेवारीला पिंपरीत ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला. त्यातील आरोपी मिलिंद एकबोटे मार्चमध्ये अटकेत गेले आणि एप्रिलमध्ये जामिनावर बाहेर आले.

८ जानेवारीला विश्रामबाग पोलीस ठाण्यात वेगळाच गुन्हा नोंदला गेला, परिषदेतल्या गाण्या-भाषणांवर. कलमे होती भादंवि १५३अ, ५०५(१)(ब) आणि ११७. प्रत्येकाची शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षे. ६ मार्चला त्याच गुन्ह्यात कटाचे १२०ब घातले. १७ मेला यूएपीए लावला. ६ जूनला पाच जणांना अटक झाली.

मोठे कलम लागताच काय बदलते? आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. ४३ड(५) प्रमाणे आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले, तर न्यायालय जामीन देऊ शकत नाही. यूएपीए एनआयए कायद्याच्या यादीत असल्यामुळे केंद्राला तपासही ताब्यात घेता येतो. जानेवारी २०२० मध्ये तेच झाले.

‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे यांनी हे दोनदा भोगले. २०११ मध्ये याच कायद्याखाली अटक झाली, २०१४ मध्ये ते निर्दोष सुटले. २०१८ मध्ये पुन्हा अटक. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला, तेव्हा आरोपनिश्चितीही झाली नव्हती आणि साक्षीदार ३०० हून अधिक होते. तीन वर्षांच्या कलमांवर उघडलेल्या फाइलीत, शिक्षा न होता, साडेसहा वर्षे तुरुंग! इथे निकालाची गरजच उरत नाही. प्रक्रिया हीच शिक्षा होते.

म्हणून पिंपळनेर असो वा साक्री, मोर्चानंतर गुन्हा दाखल झाला तर “किरकोळ कलम आहे” म्हणून सोडून देऊ नका. एफआयआरची प्रत घ्या. कोणते कलम कधी वाढले, तारखेसह लिहून ठेवा. अटकेची कारणे लेखी मागा; यूएपीएतही ती लेखी द्यावीच लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये सांगितले आहे.

अटकेची कारणे, पसंतीचा वकील आणि २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजेरी, हे हक्क देणारे कलम घटना समितीत बाबासाहेबांनीच मांडले होते. आज ते कलम २२ आहे. ते पाठ करा आणि पोलीस ठाण्यात वापरा.