भाषाविषयक विद्यापीठीय पदव्या (भारत)

भाषाविषयक पदवी म्हणजे एखाद्या विशिष्ट भाषेच्या, तिच्यातील साहित्याच्या किंवा एकूणच मानवी भाषेच्या अभ्यासासाठी विद्यापीठाकडून दिली जाणारी पदवी होय. भारतात अशा पदव्यांचे भाषा व साहित्य, परकीय भाषा, भाषाविज्ञान आणि पारंपरिक संस्कृत शास्त्रे असे मुख्य प्रकार आढळतात. भाषांतर व प्रयोजनमूलक भाषा यांचे अभ्यासक्रम यांना पूरक मानले जातात. पदवीच्या नावात भाषेचा उल्लेख असला, तरी तिच्यात भाषा बोलण्या-लिहिण्याचे कौशल्य शिकवले जाईलच असे नाही.

साहित्यप्रधान पदव्या

मराठी, हिंदी, इंग्रजी इत्यादी विषयांतील बी.ए. व एम.ए. या पदव्या प्रामुख्याने साहित्याच्या असतात. विद्यार्थ्याला ती भाषा येते हे गृहीत धरून साहित्याचा इतिहास, साहित्यप्रकार, समीक्षा व निवडक ग्रंथ यांचा अभ्यास करविला जातो. भाषाविज्ञान व व्याकरण यांच्या वाट्याला बहुधा मोजक्याच अभ्यासपत्रिका येतात. इंग्रजी सुधारावे या हेतूने इंग्रजीतील बी.ए.ला प्रवेश घेणाऱ्यांची अपेक्षा त्यामुळे अनेकदा अपुरी राहते.

परकीय भाषा

फ्रेंच, जर्मन, रशियन, जपानी, चिनी आदी भाषांच्या पदव्यांमध्ये आरंभीचा बराच काळ भाषा आत्मसात करण्यात जातो व साहित्य, संस्कृती आणि भाषांतर हे विषय नंतर येतात. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ ही यातील प्रमुख केंद्रे होत. हैदराबादच्या विद्यापीठाचा आरंभ १९५८ मध्ये इंग्रजीच्या मध्यवर्ती संस्थेच्या रूपाने झाला. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत चालत आला असून, तेथील प्रमाणपत्र व पदविका अभ्यासक्रम अन्य शाखेची पदवी घेत असतानाही करता येतात. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज भाषेचे पदव्युत्तर शिक्षण मिळते.

केवळ भाषेचे ज्ञान हवे असल्यास पदवी अनिवार्य नसते. युरोपीय भाषांसाठी ए१ ते सी२ अशा सहा पातळ्यांची सामायिक चौकट आहे, तर जपानीसाठी एन५ ते एन१ या परीक्षा आहेत. परदेशी उद्योगांतील नियुक्तीच्या वेळी पदवीइतकीच, कधी तिच्याहूनही अधिक, विचारणा या पातळीची होते. अध्यापन व संशोधन यांसाठी मात्र या परीक्षा पदवीची जागा घेऊ शकत नाहीत.

भाषाविज्ञान

भाषाविज्ञानात ध्वनी, पदरचना, वाक्यरचना, अर्थ आणि बोलींचे सर्वेक्षण यांचा अभ्यास होतो. येथे विशिष्ट भाषा शिकविणे हा हेतू नसतो. पुण्याचे डेक्कन कॉलेज हे या विषयाचे भारतातील जुने केंद्र आहे. राष्ट्रीय पात्रता परीक्षेत (नेट) भाषाविज्ञान व मराठी हे दोन स्वतंत्र विषय आहेत. सहायक प्राध्यापकपदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे विनियम ‘संबंधित’ विषयातील किमान ५५ टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी मागतात. म्हणून महाविद्यालयात मराठी शिकवू इच्छिणाऱ्याने केवळ भाषाविज्ञानाच्या एम.ए.वर विसंबून राहणे जोखमीचे ठरते.

दुय्यम विषयाचे महत्त्व

निवड करताना सर्वांत दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे पदवी स्तरावरील दुसरा विषय. केंद्र शासनाच्या हिंदी अनुवादक पदांच्या पात्रतेत हे स्पष्ट दिसते. हिंदीत एम.ए. केलेल्या उमेदवाराचा पदवी स्तरावर इंग्रजी हा अनिवार्य वा ऐच्छिक विषय असावा लागतो, अथवा त्याच्या परीक्षेचे माध्यम इंग्रजी असावे लागते, इंग्रजीत एम.ए. केलेल्यास हीच अट हिंदीबाबत लागू होते. मराठीसारख्या अन्य विषयात एम.ए. केलेली व्यक्तीही पात्र ठरू शकते, पण तिने पदवीला हिंदी व इंग्रजी हे दोन्ही विषय घेतलेले असल्यास. यांशिवाय भाषांतराची पदविका वा प्रमाणपत्र, किंवा दोन वर्षांचा अनुभव आवश्यक असतो. बी.ए.च्या वेळी सोडून दिलेला विषय पुढे एम.ए. करूनही सहजी भरून निघत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार मुख्य व गौण विषयांची रचना आली असून तीन वर्षांनंतर पदवी, तर चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी मिळते. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यास पीएच.डी.च्या प्रवेशप्रक्रियेत थेट भाग घेता येतो. महाराष्ट्रात ही रचना २०२३–२४ मध्ये स्वायत्त महाविद्यालयांत व त्यापुढील वर्षी इतरत्र लागू झाली. गौण विषय निवडताना वरील पात्रतानियम पाहणे त्यामुळे अधिक निकडीचे झाले आहे.

संस्कृत

संस्कृतसाठी दोन समांतर परंपरा आहेत. बी.ए. व एम.ए. या आधुनिक पदव्यांबरोबरच शास्त्री व आचार्य या पदव्या दिल्या जातात आणि त्या अनुक्रमे बी.ए. व एम.ए.शी समकक्ष मानल्या जातात. शास्त्री-आचार्य अभ्यासक्रमात व्याकरण, न्याय, वेदान्त, ज्योतिष यांपैकी एखाद्या शास्त्राचे मूळ ग्रंथ शिकविण्यावर भर असतो. महाराष्ट्रात रामटेक येथे १९९७ मध्ये स्थापन झालेले कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ या क्षेत्रात कार्यरत आहे.