सौना : फिनलंडचें स्वेदगृह

फिनलंडमधील शेतकरी नव्या रानांत शिरून झाडें तोडी व शेतीसाठीं जमीन मोकळी करी, तेव्हां राहतें घर बांधण्यापूर्वीं तो पुष्कळदां सौना बांधीत असे. घर उभें राहीपर्यंत सारें कुटुंब त्या एका खोलींतच दिवस काढी. मराठी घरांत न्हाणीघर म्हणजे मागल्या दारची एक दुय्यम जागा. फिनलंडांत मात्र न्हाणीघर आधीं आणि घर मागून. या उलट्या क्रमांतच त्या देशाच्या सामाजिक इतिहासाचा एक धागा सांपडतो.

जुनी सौना म्हणजे ओंडक्यांची, बिनधुराड्याची एक ठेंगणी खोली. कोपऱ्यांत दगडांची रास रचलेली असे आणि तिच्याखालीं कित्येक तास लांकडें जाळीत. धूर खोलींतच कोंडे व भिंती काजळीनें काळ्या होत. दगड पुरते तापले म्हणजे विस्तव विझूं देत, झरोक्यावाटे धूर बाहेर काढीत आणि मग माणसें आंत येऊन उंच फळ्यांवर बसत. तापल्या दगडांवर ओगराळ्यानें पाणी ओतलें कीं जी वाफ उठते तिला फिनी भाषेंत ‘लोय्ल्यू’ म्हणतात. या शब्दाचा प्राचीन अर्थ प्राण किंवा आत्मा असा होता. फिनी भाषेची दूरची बहीण जी हंगेरियन, तिच्यांत याच कुळांतला शब्द आजहि ‘आत्मा’ या अर्थीं चालतो. आजच्या सौनेंतील उष्णता बहुधा ८० ते १०० अंश सेंटिग्रेड असते. हवा कोरडी असल्यामुळें घाम झपाट्यानें वाळतो, म्हणूनच ती सोसवते. बर्च वृक्षाच्या पानेदार डहाळ्यांची जुडी करून तिनें अंग झोडपावयाचें, आणि मग जवळच्या सरोवरांत बुडी मारावयाची किंवा बर्फांत लोळावयाचें, असा या स्नानाचा क्रम आहे.

पण सौना हें केवळ स्नानाचें स्थान नव्हतें. गरम पाणी, ऊब आणि एकांत या तीन गोष्टी खेड्यांत दुसरीकडे एकत्र मिळणें कठीण; म्हणून बाळंतपणें तेथेंच होत. तुंबड्या लावून रक्त काढण्याचें काम तेथेंच चाले. बिअरसाठीं मोड आणलेले जव तेथें वाळवीत, मांस धुरावर टिकवीत, आणि शेवटीं प्रेताला अंत्यस्नानहि तेथेंच घालीत. देवळांत वागावें तसें सौनेंत वागावें, अशा अर्थाची म्हण त्या लोकांत आहे. शनिवारचें फिनी नांवहि जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेंतील ‘स्नानाचा वार’ या शब्दावरून आलेलें आहे.

अशीं स्नानगृहें केवळ फिनलंडांतच होतीं असें नाहीं. मध्ययुगांत जर्मनी, फ्रान्स व स्वीडन येथील शहरांतून सार्वजनिक उष्णस्नानगृहें गजबजलेलीं असत. पुढें सोळाव्या शतकाच्या सुमारास उपदंशाचा फैलाव झाला, सरपण महागलें, धर्मोपदेशकांनीं तेथील स्वैर वर्तनावर कोरडे ओढले, आणि तीं बहुतेक बंद पडलीं. फिनलंडची सौना मात्र वांचली. कारण ती मुख्यतः शहराच्या पेठेंत नव्हती, शेतकऱ्याच्या आवारांत होती. तेथें अनोळखी लोकांची वर्दळ नसे, आणि भोंवतालचें अरण्य सरपण कमी पडूं देत नसे. १८०९ पर्यंत स्वीडनच्या व त्यानंतर १९१७ पर्यंत रशियाच्या सत्तेखालीं राहिलेल्या या लोकांना आपलें म्हणतां येईल अशा मोजक्या गोष्टींत भाषा ही एक आणि सौना ही दुसरी होती.

धनी आणि गडी एकाच फळीवर उघडे बसले म्हणजे वस्त्रांबरोबर पदवीहि दाराबाहेर राहते. १९३९-४० च्या हिवाळी युद्धांत आणि पुढें १९४१-४४ च्या युद्धांत फिनी सैनिकांनीं आघाडीवरहि सौना उभारल्या. उवांपासून सुटका आणि मनाला विसावा हीं दोन्ही तेथें मिळत. १९६० च्या सप्टेंबरांत राष्ट्राध्यक्ष उर्हो केक्कोनेन यांच्या साठाव्या वाढदिवशीं सोव्हिएत पंतप्रधान ख्रुश्चेव्ह हेलसिंकीस आले, तेव्हां यजमानांनीं त्यांना आपल्या निवासस्थानच्या सौनेंत नेलें. ती बैठक उत्तररात्रीपर्यंत लांबली. पश्चिमेकडील युरोपीय मुक्त व्यापार संघाशीं संबंध जोडण्यासाठीं फिनलंडला रशियाची संमति हवी होती. त्या भेटीनंतर वाट मोकळी झाली आणि १९६१ मध्यें करार झाला.

घाम काढून शरीर हलकें करण्याची कल्पना भारतीयांस अपरिचित नाहीं. चरकसंहितेंत स्वेदाचे तेरा प्रकार सांगितले असून त्यांतील जेन्ताक स्वेदासाठीं जलाशयाजवळ खोली बांधून तिच्या मध्यभागीं भट्टी पेटवावी, असें वर्णन आहे. नित्य मद्य घेणाऱ्यास चरकानें स्वेद वर्ज्य सांगितला. फिनलंडांत सौनेंत झालेल्या आकस्मिक मृत्यूंमागेंहि मद्यपान हें एक ठळक कारण आढळलें आहे. २०१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत पूर्व फिनलंडमधील २,३१५ मध्यमवयीन पुरुषांची सुमारें वीस वर्षांची माहिती तपासली गेली. आठवड्यांतून चार ते सात वेळां सौना घेणाऱ्यांत आकस्मिक हृदयमृत्यूचा धोका एकदांच घेणाऱ्यांपेक्षां ६३ टक्क्यांनीं कमी दिसला. मात्र वारंवार सौनेंत बसणारा मनुष्य मुळांतच अधिक धडधाकट असूं शकतो, हें विसरतां येत नाहीं.

विसाव्या शतकांत खेडीं शहरांकडे लोटलीं आणि विजेच्या शेगड्या आल्या. सुमारें ५५ लाख वस्तीच्या या देशांत आतां तीस लाखांहून अधिक सौना आहेत, आणि २०२० मध्यें युनेस्कोनें या परंपरेस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें. परंतु घरोघरीं सौना झाल्या तशा शहरांतील सार्वजनिक सौना एकामागून एक बंद पडल्या. सदनिकेंतल्या लहानशा सौनेंत घाम येतो, पण शेजारीं कोणी नसतें. ही उणीव लोकांनाच जाणवली असावी. तांपेरे येथील १९०६ सालची सार्वजनिक सौना टिकून राहिली आहे, आणि हेलसिंकींत २०११ पासून नागरिकांनीं स्वतःच्या हातांनीं समुद्रकांठीं सौना उभारल्या. तेथें येणाऱ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं सौना असते. ते तेथें येतात ते फळीवर शेजारीं बसणाऱ्या माणसासाठीं.