तूच लिहून आण, मी सही करतो

२०१८च्या दिवाळीच्या सुट्टीत एरंडोलच्या आमच्या घराच्या माडीवर बसून मी एका रात्रीत तीन वेगवेगळ्या माणसांची पत्रं लिहिली. तिन्ही माझ्याचबद्दल होती. पहिल्या पत्रात मी मेहनती होतो, दुसऱ्यात जिज्ञासू आणि तिसऱ्यात 'वर्गातल्या वरच्या पाच टक्क्यांत'. हे पाच टक्के मला इतके आवडले की ते दुसऱ्या पत्रातही राहून गेले. पत्रं गेल्यावर ते लक्षात आलं.

मी तेव्हा बीईच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि अमेरिकेतल्या आठ विद्यापीठांत संगणकशास्त्राच्या पीएचडीसाठी अर्ज करत होतो. थेट. मधे एमएस नाही, एमटेक नाही. अशा अर्जाला गुणपत्रिका लागतात, स्वतःबद्दल दोन पानं लिहावी लागतात, तेव्हा बहुतेक ठिकाणी जीआरईही लागायची (फी २०५ डॉलर, परीक्षेसाठी रात्रीच्या गाडीने पुणे). आणि तीन शिफारसपत्रं. ती आपल्याला ओळखणाऱ्या प्राध्यापकांनी परस्पर विद्यापीठाकडे पाठवायची असतात. आपण ती वाचायचीही नसतात. मी कॉलेजातल्या तीन सरांकडे गेलो. तिघंही एकच वाक्य बोलले, "तूच लिहून आण, मी सही करतो."

त्यांच्यावर माझा राग नाही. सत्तर मुलांचा वर्ग, एका माणसाकडे तीन-तीन विषय, त्यात नोकरी कंत्राटी. सरांना माझं नाव ठाऊक होतं हेच खूप. पण हे पत्र प्रकरण मला नंतर सोडेना. गुण आहेत, परीक्षा आहेत, तरी तिसऱ्याच माणसाच्या पत्रावर सगळं का अडावं? नोकरी लागल्यावर मी फावल्या वेळात याचा इतिहास वाचत गेलो. त्यातलं थोडं सांगतो.

आधी गावातली समजूत. एरंडोलला 'मुलगा अमेरिकेला शिकायला चालला' म्हणजे एमएस, आणि एमएस म्हणजे शेत नाहीतर घर तारण ठेवून काढलेलं कर्ज. पीएचडी म्हणजे त्याच्याही पुढचं काहीतरी, बहुतेक आणखी मोठं कर्ज. मी घरी सांगितलं की पीएचडीला फी माफ असते आणि वर महिन्याला पैसे मिळतात, तेव्हा वडिलांनी मला कुणीतरी फसवतंय असंच धरलं. आजीची शंका वेगळी होती. "आते आखो कितलं शिकशी रे भाऊ?" तिने अहिराणीत विचारलं. पाच-सहा वर्षं, मी म्हणालो. तिने विषय बदलला.

बीए-बीईवरून एकदम पीएचडीला जाता येतं, कारण अमेरिकेतली पीएचडी तशीच बांधलेली आहे. ती कल्पना त्यांनी जर्मनीतून उचलली. येल विद्यापीठाने १८६१ साली तिथल्या पहिल्या पीएचडी दिल्या. पुढे त्यांनी तिला स्वतःचा आकार दिला. पहिली एक-दोन वर्षं वर्गात बसून अभ्यास, मग पात्रता परीक्षा आणि मग संशोधन. मास्टर्सची पदवी वाटेत मिळून जाते. आपल्याकडे शिडी ब्रिटिश वळणाची, म्हणजे आधी एमए, एमएस्सी, मग पुढचं. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने बीटेकवाल्यांना थेट पीएचडीची वाट आधीच ठेवली होती. बाकी विद्यापीठांसाठी यूजीसीने ती २०२२च्या नियमांत उघडली. चार वर्षांची पदवी आणि ७५ टक्के गुण हवेत.

या अमेरिकन वाटेने गेलेला, आपल्या सगळ्यांना माहीत असलेला एक मराठी विद्यार्थी आहे. फक्त आपण त्याच्याकडे असं बघत नाही. १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा त्यांच्याकडे एल्फिन्स्टन कॉलेजची बीए होती, बस. कोलंबियात १९१५ला एमए झाली आणि त्याच ओघात पीएचडीचं काम सुरू झालं. संगणकाचा तेव्हा पत्ता नव्हता, विषय अर्थशास्त्राचा होता, पण आकार हाच.

आता पत्रांकडे बघा. कोलंबियाच्या आधी काही वर्षं कृष्णराव अर्जुन केळुसकर नावाच्या शिक्षकांनी या मुलाला वाचताना पाहिलं, त्याला पुस्तकं दिली आणि सयाजीराव गायकवाडांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. त्यातून कॉलेजसाठी महिना २५ रुपये मिळाले. मग बडोद्याचीच परदेशी शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात संस्थानची नोकरी करण्याचा करार. १९१६ साली कोलंबियाहून लंडनला जाताना प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या हर्बर्ट फॉक्सवेल यांना पत्र लिहून या विद्यार्थ्याची ओळख करून दिली. प्रबंध १९२५ला पुस्तकरूपाने छापून आला, प्रस्तावना सेलिग्मन यांचीच. कोलंबियाने पीएचडी दिली १९२७ साली. शिष्यवृत्ती १९१७ला संपली होती. मधल्या वर्षांत नोकरी, अपमान, कॉलेजातली प्राध्यापकी, पुन्हा लंडन, वकिली. पीएचडीला वेळ लागतो म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

आंबेडकरांची बुद्धी कुणाच्या पत्राने तयार झाली नाही, हे सांगायला नकोच. पण ज्या समाजात त्यांना वर्गात वेगळं बसवत होते, तिथे एका शिक्षकाने नुसतं 'मी याला पाहिलंय' असं योग्य माणसासमोर म्हणणं किती जड होतं! केळुसकरांना कुणी ड्राफ्ट लिहून दिला नव्हता.

संशोधकाला पगार देऊन नुसतं विचार करायला बसवायचं, ही चैन परदेशातलीच असं मला वाटायचं. पण ती आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, अमळनेरला होऊन गेली होती. कापड गिरणीचे मालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. देशभरातून फेलो यायचे, तिथेच राहायचे, त्यांच्या खर्चाची सोय संस्था करायची. मलकानी, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती अशी माणसं तिथे होती. कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ संचालक होते. त्यांचं 'द सब्जेक्ट ॲज फ्रीडम' हे पुस्तक १९३० साली अमळनेरच्या या संस्थेनेच काढलं. साने गुरुजी शाळेत शिक्षक होण्याआधी काही काळ इथेच होते. खानदेशच्या कापसाच्या पैशातून वेदान्तावर आणि कान्टवर वाद चालायचे. मी लहानपणी अमळनेरला कितीदा गेलो असेन, सखाराम महाराजांच्या यात्रेला, मामाकडे, लग्नांना. या संस्थेबद्दल मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

अमेरिकेत हीच चैन पुढे सरकारी पैशाने झाली. १९५७ला रशियाचा स्पुटनिक वर गेला आणि अमेरिकेचं धाबं दणाणलं. १९५८ला शिक्षणासाठी मोठा कायदा आला, त्याच वर्षी संरक्षण खात्याची 'आर्पा' ही संस्था उभी राहिली. १९६२पासून तिच्या संगणक विभागाने एमआयटी, स्टॅनफर्ड, कार्नेगी, बर्कली अशा ठिकाणी पैसा ओतला. संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभागही १९६२लाच, पर्ड्यू विद्यापीठात सुरू झाला. या विषयातल्या तिथल्या पहिल्या पीएचडी १९६५च्या. त्यातली एक सिस्टर मेरी केनेथ केलर या नन होत्या, हे मला फार आवडतं. विषय नवा, पैसा भरपूर आणि हाताशी माणसं नाहीत. बाहेरच्या देशातल्या बीटेक झालेल्या पोराला पगार देऊन बोलवायची रीत या काळात मुरली.

पण कोणत्या पोराला? इथे पुन्हा पत्र आलं. १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षं नऊ अमेरिकन विद्यापीठांनी मिळून आयआयटी कानपूर उभारायला मदत केली. त्यात एमआयटी, बर्कली, प्रिन्स्टन, कॅल्टेक होती. तिथले प्राध्यापक कानपूरला येऊन शिकवून गेले, १९६३ला आयबीएम १६२० संगणक आला. याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. कानपूरच्या प्राध्यापकाने 'हा मुलगा चांगला आहे' असं लिहिलं, तर पलीकडे ते वाचणाऱ्याला लिहिणारा माणूस माहीत होता. पत्राची किंमत लिहिणाऱ्याच्या ओळखीवर ठरते. बाजारात हुंडी चालायची तशी. सहीखालचं नाव पलीकडच्या पेढीला ठाऊक असेल तरच ती वटणार.

मग आमच्यासारख्या गावातला पोर वटतो कसा? त्याचं उत्तर खानदेशात नाही, इचलकरंजीत आहे. तेही कापडाचंच गाव, मागांचं. १९७८ला जन्मलेले, मराठी माध्यमात शिकलेले सुभाष खोत तिथले. १९९४ आणि १९९५च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये रौप्यपदक. १९९५च्या आयआयटी प्रवेश परीक्षेत देशात पहिले. आयआयटी मुंबईतून १९९९ला बीटेक आणि तिथून थेट प्रिन्स्टनला, संजीव अरोरा यांच्याकडे पीएचडीला. २००३ला पदवी. मधे मास्टर्ससाठी थांबणं नाही.

पदवीच्या आदल्याच वर्षी, २००२मध्ये, विद्यार्थी असतानाच त्यांनी 'युनिक गेम्स' नावाची अटकळ मांडली. ती साधारण अशी. समजा तुमच्याकडे खूप समीकरणं आहेत, प्रत्येकात दोनच अज्ञात संख्या, आणि एकीची किंमत ठरली की दुसरीची आपोआप ठरते. सगळी एकदम सुटणारी असतील तर ते शोधणं सोपं आहे. एकाची किंमत धरा, साखळीने बाकीच्या काढत जा. पण मधे थोडी चुकीची समीकरणं मिसळली, तर? खोत म्हणाले की मग जवळजवळ सगळी सुटण्यासारखी आहेत की अगदी मोजकीच, एवढं ओळखणंसुद्धा संगणकाला भयंकर अवघड आहे. ही अटकळ अजून पूर्ण सिद्ध झालेली नाही. पण ती खरी मानली, तर अनेक गणनप्रश्नांत आपल्याला माहीत असलेल्या अंदाजी उत्तरांपेक्षा चांगलं उत्तर झटपट मिळणारच नाही, असं निघतं. २०१४ला सोलमध्ये त्यांना नेव्हनलिना पारितोषिक मिळालं. २०१८च्या जानेवारीत खोत, मिन्झर आणि साफ्रा यांनी अटकळीच्या जवळपास अर्ध्या वाटेपर्यंत पोहोचणारी सिद्धता मांडली. ती बातमी मी हॉस्टेलवर वाचली. माझ्या अर्जांचं खूळ तिथून सुरू झालं.

मी तेव्हा या गोष्टीतलं एवढंच घेतलं की मराठी शाळा, लहान गाव, थेट पीएचडी, मग मी का नाही? जे घेतलं नाही ते आता दिसतं. इचलकरंजी कुठे आहे हे ज्याला ठाऊक नाही, अशा माणसालाही वाचता येणारे शिक्के त्या विद्यार्थ्याकडे एकावर एक होते. ऑलिंपियाडमध्ये भारत १९८९पासून उतरतो. त्याच्या निवड परीक्षा आणि शिबिरं ही लहान गावातल्या मुलाला मोठ्या गणितज्ञांच्या नजरेसमोर आणणारी यंत्रणा आहे. मला ऑलिंपियाड हा शब्द बीईला आल्यावर कळला. बुद्धीची तुलना मी करत नाहीये, ती करण्यात अर्थ नाही. मी फक्त कोण कुणाला पाहतं, ते मोजतोय.

माझ्या आठही अर्जांना नकार आले. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं आमच्याकडे सांगतात. बकासुराला रोज गाडाभर अन्न जायचं ते इथूनच. अर्जांची फी भरताना वडील म्हणाले होते, "आठ गाडे चालले." शेवटचा नकार एप्रिलच्या चौदा तारखेला आला. पंधरा एप्रिल ही तिथल्या विद्यार्थ्यांनी होकार कळवायची तारीख असते, त्यामुळे ईमेल उघडायच्या आधीच कळलं होतं. जूनमध्ये पुण्यात नोकरीला लागलो. काम चांगलं आहे, पगार चांगला आहे, घराचा वरचा मजला झाला.

पाच टक्के दोनदा लिहिले म्हणून नकार आला असं मी मानत नाही. माझ्याकडे संशोधनाचं काम दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. पण तीन पत्रांमागे एकच आवाज आहे, हे तिथल्या समितीला पहिल्या परिच्छेदातच कळलं असणार. स्वतःचं कौतुक माणूस किती सपाट करतो ते ही पत्रं आता वाचताना दिसतं. एकाही पत्रात माझी एकही चूक नाही. चार वर्षांत मी एकदाही कुठे अडलो नाही, कुणाशी वाद घातला नाही, एकही प्रोग्रॅम माझ्या हातून बिघडला नाही. अशा माणसाला कोण घेईल?

गेल्या वर्षी एरंडोलच्याच एका मुलीचा मेसेज आला. शेवटचं वर्ष, कॉलेज आमच्याच भागातलं, तिलाही थेट पीएचडीला अर्ज करायचाय. आयआयएससीला, काही आयआयटींना आणि बाहेर चार ठिकाणी. मी चकित झालो ते तिला पैशांचं गणित पाठ होतं म्हणून. पंतप्रधान फेलोशिप पहिल्या दोन वर्षांना महिना ७० हजार, साधी जेआरएफ ३७ हजार, बाहेर फी माफ. मी कंपनीच्या कामाबाहेर एक छोटा मुक्त प्रकल्प चालवतो, मराठी मजकुरातले शब्द तोडण्याचा. त्यावर ती सात-आठ महिने माझ्याबरोबर काम करत होती. दोन प्राध्यापकांची पत्रं तिला मिळणार होती. तिसऱ्यासाठी तिने मला विचारलं.

मी तिला आधी खरं ते सांगितलं. मी प्राध्यापक नाही, माझी पीएचडी नाही, माझ्या सहीला तिकडे फार भाव नाही. "चालेल दादा," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "ड्राफ्ट पाठवू का?"

"नको."

त्या शनिवारी सकाळी लिहायला बसलो. 'मेहनती' लिहिलं, खोडलं. 'जिज्ञासू' लिहिलं, तेही खोडलं. मग तिचे जुने कोड उघडून बसलो. जुलैमध्ये जोडाक्षरांवर तिचा प्रोग्रॅम अडला होता आणि तिने माझाच मूळ विचार चुकलाय असं मला सांगितलं होतं. मी दोन दिवस ऐकलं नव्हतं. नंतर तीही एका ठिकाणी चुकली होती, पण नेमकं काय ते आठवेना.

तिला फोन लावला. म्हटलं, "तुझं त्या वेळी कुठे चुकलं होतं, ते नीट सांग बरं परत."