पोर्टफोलिओ आणि मेंटॉर (एमबीबीएस, पहिले वर्ष)

वैद्यकीय शिक्षणातील एकमेकींवर अवलंबून असलेल्या दोन पद्धती. काय पाहिले, काय जमले, कुठे अडले हे विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत नोंदवून ठेवायचे, तो पोर्टफोलिओ. त्या नोंदी वाचून वर्षभर त्याच्याशी बोलत राहणारा शिक्षक म्हणजे मेंटॉर. लॉगबुक वेगळे. त्यात तारीख, कौशल्य आणि सही असते. विद्यार्थ्याच्या मनात काय चालले आहे, ते त्यातून कळत नाही.

नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाने 2001 मध्ये पहिल्या वर्षापासूनच पोर्टफोलिओ सुरू केला आणि प्रत्येक विद्यार्थ्याला मेंटॉर दिला. भारतात 2019 च्या तुकडीपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, तेव्हा या विचाराला जागा मिळाली. त्यावेळच्या 175 तासांच्या फाउंडेशन कोर्समध्ये 40 तास व्यावसायिक विकास व नीतिमूल्यांना आणि 40 तास भाषा व संगणकाला होते. सोबत 'एटकॉम' हा वृत्ती, नीती व संवादाचा पाठ्यक्रम आला. डॉक्टर असणे म्हणजे काय, रुग्ण असणे म्हणजे काय, मृतदेह हा आपला पहिला शिक्षक कसा, हे त्याचे पहिल्या वर्षातले विषय. यांची उत्तरे गाइडमधून पाठ करून लिहिता येतात; पण मग त्यांचा काही उपयोग राहत नाही.

मराठवाड्यात या पद्धतीची गरज जास्त आहे. लोहा, कंधार, अहमदपूरकडची मुले दहावीनंतर नांदेड किंवा लातूरला खोली करून राहतात आणि दोन-तीन वर्षे नीटच्या चार पर्यायांतून एक निवडण्याचा सराव करतात. लोह्याहून नांदेडला जाताना शहराआधीच विष्णुपुरी लागते. तिथल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नंबर लागला, तर घर निदान जवळ असते. मात्र 2020 मध्ये प्रवेशाचा 70:30 हा प्रादेशिक कोटा रद्द झाल्यापासून लोह्याच्या मुलाला मुंबईही मिळू शकते, कोकणही. अ‍ॅनाटॉमीची जाडजूड इंग्रजी पुस्तके, डिसेक्शन हॉलमधला फॉर्मॅलिनचा वास आणि आयुष्यात पहिल्यांदाच आलेले कमी गुण, हे सारे एकाच महिन्यात अंगावर येते. घरी फोनवर 'बरं चाललंय' एवढेच सांगितले जाते. अशा वेळी चौकशी करणारा एक तरी शिक्षक हक्काचा हवा.

चांगली नोंद कशी असते? कुटुंब दत्तक उपक्रमात गावातल्या घरी गेलेली विद्यार्थिनी लिहिते: "आजींनी बीपीची गोळी बंद केली आहे. गोळी रोज घ्यायची असते, असे मी सांगितले. त्या 'हो बाई' म्हणाल्या." मेंटॉर समासात विचारतो: "बंद का केली, हे विचारलंस का?" पुढच्या भेटीनंतरची नोंद येते: "चक्कर थांबली म्हणून बंद केली. शिवाय गोळ्या आणायला तालुक्याला जावे लागते, सोबत कुणी नसते." पहिल्या नोंदीत सल्ला होता, दुसरीत आजी दिसू लागल्या. तो एक प्रश्न विचारला गेला नसता, तर पहिली नोंद सहीनिशी फायलीत पडून राहिली असती. अशी नोंद मराठीत लिहायची मुभा द्यावी. परक्या भाषेत मुले चुका टाळतात आणि त्या नादात खरे सांगायचे राहून जाते.

खरी अडचण गुणांची आहे. नोंदींना गुण दिले की मुले शिक्षकाला आवडेल ते लिहितात. गुण नसले की लिहायचे टाळतात. मेंटॉरच परीक्षक असेल तर भीती, रॅगिंग, घरची ओढाताण कागदावर येणारच नाही. म्हणून नोंदी पूर्ण आहेत की नाहीत एवढेच परीक्षेसाठी पाहावे, मजकूर दोघांतच राहावा. बकली आणि सहकाऱ्यांच्या 2009 च्या आढाव्यात पोर्टफोलिओमुळे आत्मपरीक्षण वाढल्याचे आढळले. त्यात बराच वेळ जातो, ही तक्रारही त्यात आहे.

पोर्टफोलिओ हे नाव नवे असले, तरी सोबतीने घडवण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेल्या सेवाग्रामच्या महाविद्यालयात नवी तुकडी आधी गांधीजींच्या आश्रमात राहते, नंतर दत्तक गावात शिबिराला जाते, आणि शिक्षक सोबत असतात.

एका शिक्षकाकडे मुले इतकीच द्यावीत की त्याला प्रत्येकाची वही वाचता येईल. वाचायला वेळ देता येत नसेल, तर महाविद्यालयाने पोर्टफोलिओ मागू नये. न वाचलेल्या वहीमुळे मुले पहिल्याच वर्षी खोटे लिहायला शिकतात.